पन्नास अधिक वीस म्हणजे सत्तर नव्हे

आषाढातली संध्याकाळ. नागपूरच्या सीताबर्डीवर पावसाची भुरभुर चालू होती, तरी साड्यांच्या एका मोठ्या दुकानासमोर छत्र्यांची दाटी झाली होती. दारावर लाल फलक झळकत होता, '५० टक्के + २० टक्के सूट. फक्त तीन दिवस.'

त्या गर्दीत एक गृहिणी होती. नणंदेच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि आहेराच्या तीन साड्या घ्यायच्या होत्या. पर्सच्या एका कप्प्यात खरेदीसाठी दोन हजार रुपये होते. दुसऱ्या कप्प्यात घडी घालून ठेवलेली मुलीच्या शाळेची फी होती. ती उद्याच भरायची होती.

तीन साड्या पसंत पडल्या. प्रत्येकीवर दोन हजारांची चिठ्ठी. तिने मनातल्या मनात हिशोब केला. पन्नास आणि वीस सत्तर. सहा हजारांवर सत्तर टक्के सूट, म्हणजे अठराशे द्यायचे. उरलेल्या दोनशेत मुलीच्या पावसाळी चपला येतील. मन हलके झाले.

काउंटरवर बिल आले दोन हजार चारशेचे.

"अहो, सत्तर टक्के सूट आहे ना?" तिने विचारले.

"ताई, पन्नास अधिक वीस आहे. सत्तर कुठे लिहिलंय?" काउंटरवरचा मुलगा मान वर न करताच म्हणाला.

मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी च्‌ च्‌ केले. साड्या परत करते म्हणायला तिची जीभ रेटेना. फीच्या घडीतून चारशे रुपये काढून तिने बिल भरले आणि पिशवी घेऊन बाहेर पडली.

रात्री फीचे पैसे मोजताना चारशे कमी भरले, तेव्हा तिला सांगावेच लागले. नवरा रागावला नाही. तो हसला. "तुझं आणि गणिताचं कधी जमलंय? यापुढे खरेदीला मी येत जाईन." चारशे रुपयांपेक्षा ते हसणेच तिला जास्त लागले. दहावीला पहिल्या खेपेस तिचा गणितातच विषय राहिला होता. तेव्हापासून टक्क्याचे चिन्ह दिसले की तिच्या तोंडाला कोरड पडत असे.

सासूबाई कोपऱ्यात मेथी निवडत सगळे ऐकत होत्या. निजानीज झाल्यावर त्यांनी बटव्यातून चारशे रुपये काढून सुनेच्या हातावर ठेवले. "उद्या फी भर. पण हे उसने आहेत हो. हिशोब शिकायचा आणि मग फेडायचे."

ही चूक त्या एका गृहिणीची नाही. चांगले शिकलेसवरलेले लोकही या 'अधिक'च्या चिन्हाला फसतात. फलक लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असते. म्हणून सेलच्या दिवसांत दुकानात शिरण्यापूर्वी थोडा हिशोब पक्का असलेला बरा. तो अवघड मुळीच नाही.

रुपयाला पावली

त्या घरातल्या सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. शाळा चौथीपर्यंत. त्या शाळेत जाऊ लागल्या तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले, पण सासूबाईंच्या डोक्यातला हिशोब आण्यातच राहिला. "टक्के-बिक्के मला सांगू नकोस. रुपयामागे किती सुटले ते सांग," असे त्यांचे म्हणणे.

खरे पाहता टक्का म्हणजे तेच. शंभर पैशांमागे, अर्थात एका रुपयामागे, किती पैसे सुटले ते सांगणारा आकडा. पंचवीस टक्के सूट म्हणजे रुपयाला पावली सुटली. पन्नास टक्के म्हणजे अधेली. साडेबारा टक्के म्हणजे चवली, म्हणजे दोन आणे. किंमत शंभराची असो की दहा हजारांची, रुपयामागचे माप बदलत नाही.

जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. ज्यांना ती अजून येतात त्यांना सेलमध्ये कागद-पेन्सिल लागत नाही. तीन हजार दोनशेच्या साडीवर पंचवीस टक्के सूट असेल, तर द्यायची किंमत म्हणजे पाऊण भाग. पाऊणकीत बत्तिसाचे चोवीस. झाले, दोन हजार चारशे रुपये.

दहा टक्क्यांची किल्ली

ज्यांना पावकी-पाऊणकी येत नाही, त्यांनी एक किल्ली जवळ ठेवावी. ती म्हणजे दहा टक्के. कोणत्याही किमतीचे दहा टक्के काढायचे तर तिचा शेवटचा अंक झाकायचा. १,५०० चे दहा टक्के १५०. बाकीचे सगळे यातूनच निघते. वीस टक्के म्हणजे त्याची दुप्पट, ३००. पाच टक्के म्हणजे निम्मे, ७५. पंधरा टक्के म्हणजे १५० आणि ७५ मिळून २२५. पस्तीस टक्के म्हणजे तीनदा दीडशे आणि वर पंच्याहत्तर, म्हणजे ५२५. पंधराशेतून ते वजा केले की ९७५ उरले.

चिठ्ठीवर १,४९९ असे छापलेले असेल तर ते सरळ १,५०० धरावे. एका रुपयाने हिशोब बिघडत नाही, पण चौदाशे म्हटल्याने मात्र मन फसते. १,४९९ छापण्यामागचा हेतूही तोच असतो.

दुसरी रीत त्या घरातल्या नवव्या इयत्तेतल्या मुलीने आईला सांगितली. किती सुटले ते काढून वजा करण्याऐवजी, किती द्यायचे तेच थेट काढायचे. तीस टक्के सूट म्हणजे सत्तर टक्के द्यायचे. ८५० च्या कुर्त्यावर तीस टक्के सूट असेल तर पंच्याऐंशी गुणिले सात, ५९५ रुपये. एकच पायरी. चुकायला जागा कमी.

कधी उलटा हिशोब करावा लागतो. आठशेची वस्तू ६८० ला मिळते आहे, मग सूट किती टक्के? आधी एक टक्का किती ते पाहावे. आठशेचा एक टक्का म्हणजे आठ रुपये. सुटले १२०. एकशेवीसमध्ये आठ पंधरा वेळा जातात, म्हणून सूट पंधरा टक्के.

मूळ किंमत काढताना मात्र सांभाळावे. तीस टक्के सूट वजा जाऊन वस्तू ८४० ला मिळाली, तर मूळ किंमत किती? पुष्कळजण ८४० चे तीस टक्के, म्हणजे २५२, त्यात मिळवतात आणि १,०९२ म्हणतात. ते चूक आहे. ८४० हे मूळ किमतीचे सत्तर टक्के आहेत. त्यांना सातने भागले की दहा टक्के मिळतात, १२०. त्याची दहापट म्हणजे १,२०० ही खरी मूळ किंमत. टक्के नेहमी कशाचे, हे आधी विचारावे. अर्धी फसगत तिथेच टळते.

फलकावरचे 'अधिक'

आता त्या लाल फलकाकडे वळू. पन्नास टक्के सूट मूळ किमतीवर मिळते. पुढची वीस टक्के मात्र उरलेल्या किमतीवर मिळते. सहा हजारांच्या साड्यांवर पहिली सूट तीन हजारांची. दुसरी वीस टक्के त्या उरलेल्या तीन हजारांवर, म्हणजे सहाशेची. एकूण सुटले तीन हजार सहाशे. सहा हजारांवर ते होतात साठ टक्के, सत्तर नव्हेत.

याची सोपी रीत अशी. दोन्ही सुटींची बेरीज करावी. दोन्हींचा गुणाकार करून शंभराने भागावे आणि ते बेरजेतून वजा करावे. पन्नास अधिक वीस सत्तर. पन्नास गुणिले वीस हजार, भागिले शंभर दहा. सत्तरातून दहा गेले, साठ. याच रीतीने ४० अधिक १० म्हणजे ४६ टक्के, ३० अधिक २० म्हणजे ४४ टक्के आणि २० अधिक १० म्हणजे २८ टक्के. आणि ५० अधिक ५० चा फलक लागला, तरी वस्तू फुकट मिळत नाही, सूट होते ७५ टक्के.

यातली आधी कोणती सूट द्यावी यावर वाद घालू नये. आधी वीस आणि मग पन्नास केले तरी बिल तेवढेच येते. पण एक सूट टक्क्यांची आणि दुसरी ठरावीक रुपयांची असेल, तर क्रमाने फरक पडतो. पंधराशेच्या खरेदीवर वीस टक्के सूट आणि शंभर रुपयांचे कुपन आहे. आधी टक्के वजा केले तर १,२०० होतात आणि कुपन गेल्यावर १,१०० द्यावे लागतात. आधी कुपन वजा केले तर १,४०० उरतात आणि वीस टक्के गेल्यावर १,१२० द्यावे लागतात. वीस रुपयांचा फरक. विचारायला काय हरकत आहे?

एकावर एक मोफत

'एकावर एक मोफत' म्हणजे शंभर टक्के सूट नव्हे, पन्नास टक्के. तीही दोन्ही वस्तू सारख्या किमतीच्या असतील आणि दोन्हींची गरज असेल तरच. 'दोनावर एक' म्हणजे सव्वातेहतीसच्या आसपास, नेमके तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश टक्के. 'तिनावर एक' म्हणजे पंचवीस टक्के. बहुतेक ठिकाणी कमी किमतीची वस्तू मोफत, अशी अट बारीक अक्षरांत असते. सोळाशेचा एक आणि नऊशेचा एक असे दोन शर्ट उचलले, तर अडीच हजारांच्या मालावर नऊशे सुटतात. ही सूट झाली छत्तीस टक्के.

किराणा दुकानात दुसराच प्रकार असतो. '२५ टक्के जास्त, त्याच किमतीत.' ही पंचवीस टक्के सूट नव्हे. शंभर ग्रॅमचा पुडा चाळीस रुपयांना होता, आता चाळिसातच सव्वाशे ग्रॅम मिळतो. म्हणजे शंभर ग्रॅमला बत्तीस रुपये पडले. चाळिसावर आठ सुटले, वीस टक्के. वाईट नाही, पण वाटते तेवढे नाही.

मोठा पुडा स्वस्त पडतो असाही समज असतो. तो नेहमी खरा ठरत नाही. हल्ली बऱ्याच पाकिटांवर एका ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला किती रुपये पडतात, तेही छापलेले असते. तो बारीक आकडा शोधून दोन पुड्यांची तुलना करावी. पुढच्या बाजूची मोठी अक्षरे दुकानासाठी असतात, मागच्या बाजूची बारीक अक्षरे ग्राहकासाठी.

भेट-कुपनाचाही हिशोब मांडून पाहावा. 'तीन हजारांच्या खरेदीवर हजाराचे कुपन' हे ऐकताना तेहतीस टक्के सूट वाटते. कुपन पुढच्या खेपेला वापरायचे असते. तेव्हा फक्त हजाराचाच माल घेतला, तर एकूण चार हजारांचा माल तीन हजारांत पडला. सूट पंचवीस टक्के. कुपनासाठी पुन्हा दोन हजारांची खरेदी करावी लागली, तर पाच हजारांच्या मालाला चार हजार मोजले. सूट वीस टक्के. आणि कुपन कपाटात विसरून मुदत उलटली, तर सूट शून्य.

आधी चढवायचे, मग उतरवायचे

हजार रुपयांची वस्तू आधी पंचवीस टक्क्यांनी वाढवून १,२५० केली आणि नंतर तिच्यावर वीस टक्के सूट दिली, तर किंमत किती झाली? पुन्हा बरोबर हजार. ग्राहक सूट मिळाल्याच्या आनंदात घरी जातो, दुकानाचे काही जात नाही. चाळीस टक्के वाढवून चाळीस टक्के सूट दिली, तर हजाराची वस्तू ८४० ला पडते. फलकावर चाळीस, पदरात सोळा.

यावर उपाय एकच. ज्या वस्तूवर डोळा आहे तिची किंमत सेल लागण्यापूर्वी पाहून ठेवावी. एका छोट्या वहीत किंवा मोबाईलमध्ये ती लिहावी. मोबाईलवरून खरेदी करतानाही हेच लागू. काट मारलेला मोठा आकडा पाहून हुरळू नये. तीच वस्तू दुसरीकडे केवढ्याला मिळते आणि पोचवण्याचे पैसे धरून शेवटी किती भरायचे, तो आकडा पाहावा.

'५० टक्क्यांपर्यंत' या शब्दातला 'पर्यंत' अगदी लहान अक्षरांत असतो. दुकानातल्या दहा वस्तूंवर पन्नास टक्के आणि बाकीच्या हजारांवर दहा टक्के सूट असली, तरी तो फलक खोटा ठरत नाही. म्हणून हवी असलेली वस्तू हातात घेऊन, 'हिच्यावर किती?' असेच विचारावे.

बंद पाकिटावरची एमआरपी ही कमाल किरकोळ किंमत असते आणि तिच्यात सगळे कर धरलेले असतात. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, जास्त मागू शकत नाही. छापलेल्या किमतीवर जास्त किमतीची चिकटपट्टी लावायला नियमाने मनाई आहे. किंमत कमी केल्याची चिकटपट्टी चालते, पण तीही मूळ छापील किंमत झाकणारी नसावी. चिकटपट्टी दिसली की तिच्याखाली काय आहे ते पाहावे.

बिलाच्या तळाशी

पुष्कळदा फसगत बिलाच्या शेवटच्या ओळीत होते. कपड्यावरच्या चिठ्ठीत दोन हजार रुपये, 'सर्व करांसह' असे छापलेले आहे. चाळीस टक्के सूट जाऊन बाराशे व्हायला हवेत. बिलात त्यावर पाच टक्के कर लावून १,२६० केलेले असतात. म्हणजे सूट चाळीस नाही, सदतीसच टक्के मिळाली.

असा कर लावणे बरोबर नाही. हा प्रश्न राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगापर्यंत गेला होता. जीएसटी येण्यापूर्वीचा व्हॅटचा तो काळ होता. एमआरपी सर्व करांसह असताना सूट दिलेल्या किमतीवर वेगळा कर आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय आयोगाने २०१७ साली दिला. तेव्हा चिठ्ठीवरचे 'सर्व करांसह' हे शब्द वाचावेत आणि बिल झाल्यावर ते शब्द दाखवावेत.

सोन्याच्या दुकानात आणखी वेगळी गंमत असते. 'घडणावळीवर ५० टक्के सूट' वाचून अर्ध्या किमतीत दागिना मिळाल्यासारखे वाटते. हिशोबाच्या सोयीसाठी धरा, सोन्याची किंमत एक लाख आणि घडणावळ दहा टक्के, म्हणजे दहा हजार. त्यातले पाच हजार सुटले. एकूण एक लाख दहा हजारांवर ही सूट साडेचार टक्क्यांच्या आसपास येते, कर वेगळा. पाच हजार थोडे नव्हेत. पण घडणावळीचा दर आणि सोन्याचा भाव दोन-तीन दुकानांत विचारल्यावाचून तेवढ्यावर भुलू नये. एखाद्या ठिकाणी मुळात घडणावळच इतकी चढी असते की निम्मी करूनही शेजारच्याएवढीच पडते.

प्रत्येक प्रांताचा आपला सेल

सगळेच सेल फसवे असतात असे मुळीच नाही. दुकानदारालाही माल हलवावा लागतो. आषाढ-श्रावणात लग्नसराई नसते, पाऊस असतो, गिऱ्हाईक घरात बसते. नव्या सणांचा माल यायचा असतो आणि जुन्याने जागा अडवलेली असते. अशा वेळी मिळणारी सूट पुष्कळदा खरी असते.

हे सर्व देशभर चालते. तामिळनाडूत 'आडी' महिना शुभकार्यांना वर्ज्य मानतात. म्हणून जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथे कापडदुकानांत आडी सेलची झुंबड असते. तेलंगण आणि आंध्रात आषाढ सेल लागतात. कोलकात्यात बंगाली नववर्षाच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये चैत्र सेल लागतो आणि गरियाहाट, हातीबागानच्या पदपथांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. गांधी जयंतीपासून खादी भांडारांत सूट सुरू होते. ज्या गावी आपला संसार आहे, तिथले हे वेळापत्रक ओळखून घ्यावे. आहेराचे, पांघरुणांचे, पुढच्या वर्षी लागणारे सामान अशा वेळी घेतले तर सणाच्या तोंडावरचे चढे भाव चुकतात.

एक मात्र विसरू नये. नको असलेली वस्तू सत्तर टक्के सुटीत घेतली, तर सत्तर टक्के वाचत नाहीत, तीस टक्के खर्च होतात. 'दोन हजारांच्या खरेदीवर दहा टक्के' असा फलक असतो आणि आपली खरेदी सतराशेची झालेली असते. आकडा गाठायला चारशेची आणखी एक वस्तू उचलली, तर बिल होते १,८९०. म्हणजे जास्तीचे १९० गेले. ती वस्तू लागणारी असेल तर सौदा चांगला. नसेल तर ते १९० रुपये सुटीच्या नावाने टाकलेले.

बिल आणि बोलण्याचा हक्क

सेलमधल्या मालालाही बिल मागावे. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. माल सदोष निघाला तर बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, तो परत घेण्यास नकार देणेही त्यातच येते. रंग आवडला नाही म्हणून माल बदलून देणे ही दुकानदाराची मर्जी. मात्र पदर फाटका निघाला, तर तो ग्राहकाचा हक्क.

दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बिल मात्र हवेच. फलकाचा आणि चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला, तर अधिक चांगले.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे काउंटरवर हिशोब करताना लाजू नये. मागची रांग दोन मिनिटे थांबेल. पैसे आपले असतात आणि ते मिळवायला दोन मिनिटांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागलेला असतो.

पुन्हा तेच काउंटर

दिवाळीच्या आधी ती गृहिणी पुन्हा बर्डीवर गेली. या खेपेस एकटीच. एका दुकानात सरसकट तीस टक्के सूट होती. मुलीसाठी १,५०० चा ड्रेस आणि नवऱ्यासाठी १,२०० चा शर्ट तिने निवडला. दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. कोपऱ्यात उभे राहून पर्समधल्या छोट्या वहीत मांडले. सत्तावीसशे, सत्तर टक्के द्यायचे, सत्तावीस साते एकशे एकोणनव्वद. म्हणजे १,८९०. मग ती रांगेत लागली.

बिल आले १,९८४ रुपये ५० पैशांचे.

क्षणभर तिच्या तोंडाला कोरड पडली. मग तिने वही पुढे सरकवली. "दादा, चिठ्ठीवर सर्व करांसह लिहिलंय. मग बिलात कर पुन्हा कसा लावला?"

काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी पाहिली, बिल पाहिले आणि मालकांना हाक मारली. मालकांनी चष्मा वर सारून दोन्ही पाहिले. मागे रांग होती, कुणीतरी च्‌ च्‌ केलेही. ती हलली नाही. दुसरे बिल झाले, १,८९० चे. तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईने गुपचूप आपल्या हातातली चिठ्ठी उलटून पाहिली.

रात्री नवऱ्याने शर्ट घालून पाहिला आणि मग दोन्ही बिले शेजारी ठेवून वाचली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी किराणा-फराळाच्या सामानाची यादी आणि पैसे त्याने तिच्याच हाती दिले, आणि 'मी येऊ का?' असे विचारले नाही.

तिने घरखर्चातून थोडे थोडे बाजूला टाकलेले चारशे रुपये सासूबाईंसमोर ठेवले. "आई, तुमचे उसने."

सासूबाईंनी नोटा मोजल्या. तीन बटव्यात घातल्या आणि एक तिच्याकडे परत सरकवली.

"हे काय?"

"रुपयाला पावली," सासूबाई म्हणाल्या. "हिशोब शिकलीस त्याची सूट. आता सांग पाहू, किती टक्के झाली?"

"पंचवीस," ती म्हणाली. बोटे न मोजता, कागद न घेता.